जावयाचा वारा

२४ सप्टेंबर

दुपारी दोनला हिशेबाच्या यंत्राच्या खोलीत ८६ अंश फॅरनहाइट. काल ८४. गणपती उठले तसा पाऊसही उठला, एक शिंतोडा नाही. आणि ऑक्टोबर अजून यायचाच आहे.

नाडकर्णी म्हणाले, "पंच्याण्णवच्या वर गेलं तर आमची कंपनी जबाबदार नाही." मुंबईच्या कंपनीने यंत्र भाड्याने दिलं आणि त्याबरोबर हे इंजिनियरही पाठवले. तेही भाड्याचेच म्हणायचे. रोज टाय. मग कोण जबाबदार, विचारलं. हसले. हसण्याने खोली थंड होत नाही.

हवा थंड करणारं परदेशी यंत्र मागवलं होतं, परवाना मिळाला नाही. म्हणून आमच्याच वर्कशॉपने केलेला हा ब्लोअर. मागच्या भिंतीबाहेर पत्र्याची शेड. तोंडाशी वाळ्याचे ओले पडदे, त्यामागे धूळ अडवायला मांजरपाटाचं कापड, मग पंखा, मग भिंतीतून पत्र्याचा बोगदा थेट यंत्राच्या लोखंडी कपाटांच्या पायाशी. दिसायला ओबडधोबड. पण चालतो. चाललाच पाहिजे. कपाटांत शेकडो व्हॉल्व्ह आहेत, आपल्या रेडिओत चार-पाच असतात तसले. रेडिओच्या पाठीवर हात ठेवून पाहिला की कळतं इथे काय होत असेल.

दार उघडं टाकल्याबद्दल माझ्या हाताखालच्या दोन मुलींना बोलले.


२६ सप्टेंबर

कार्डांवर आकड्यांची भोकं पाडणाऱ्या, पंचिंगच्या मुलींनी यंत्राला जावई म्हणायला सुरुवात केली आहे. शोध कुसुमचा. "आम्ही इथे घामाघूम, आणि जावईबुवांना वाळ्याचा वारा." मी नुसतं पाहिलं, गप्प झाल्या. पाठ वळल्यावर पुन्हा खसखस.

मागच्या शेडपर्यंतही पोचलं आहे. ब्लोअर सांभाळणारे ज्ञानोबा आज विचारत होते, "बाई, जावयाला पानी मारू का आजून येकदा?"

मारा म्हटलं.

ज्ञानोबा निघोज्याहून सायकलने येतात. पन्नाशीचे, घरची शेती भावांकडे. पडदे भिजवायचे, दुपारी कापड बदलून धुवायचं, पंख्याला तेल. आजचं कापड पाहिलं. सकाळी पांढरं होतं, दुपारी चहाच्या गाळणीसारखं. रस्त्यावर ट्रक वाढलेत, शेजारी नव्या कारखान्याचा पाया खणताहेत. ही सगळी माती जावयाच्या पोटात गेली असती.

(मीही लिहू लागले. यंत्राच्या पोटात.)


२९ सप्टेंबर

सकाळी यंत्र चालू करताना एक व्हॉल्व्ह गेला. उत्तर चुकीचं आलं तेव्हा कळलं. शोधण्यात दुपार गेली.

नाडकर्णींचं म्हणणं, रात्री थंड, सकाळी गरम, यानेच काच आणि तारा दमतात. चाचणी होईपर्यंत यंत्र बंदच करू नये. हिशेब चालू नसला तरी आतले व्हॉल्व्ह पेटलेले राहू द्यावेत. पटलं. फार तापलं तर आपोआप बंद होण्याची काही सोय आहे का, विचारलं.

"ती पुढच्या मॉडेलमध्ये आहे, बाई."

संध्याकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं: चाचणीपर्यंत यंत्र बंद होणार नाही. यंत्र चालू तोवर ब्लोअर चालू. रात्रपाळीला ब्लोअरवर दुसरा माणूस. का, ते सांगत बसले नाही. कारण सांगितलं की चर्चा सुरू होते.


१ ऑक्टोबर

९१.

ज्ञानोबांनी घाबरून पडद्यांवर बादल्या ओतल्या. खोली चार अंशांनी उतरली आणि तासाभरात कार्डं दमटली. कडा फुगल्या, यंत्राच्या तोंडात अडकली, गठ्ठाच्या गठ्ठा चुरगळला. मुली रडकुंडीला. पुन्हा पंच करायला दिवस मोडला.

थंडावा हवा तर ओल येते. ओल नको तर उष्णता. या दोहोंच्या मधली वाट बोटभर रुंदीची आहे. पडदा भिजवून त्यातून पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत बाहेर धरायचा, मगच अडकवायचा, असं ठरवून दिलं. ज्ञानोबा म्हणाले, "व्हय बाई. पोराला ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठिवत्यात, तसंच की. पिळून."

हो म्हटलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण उपमा चांगली होती.


३ ऑक्टोबर, घटस्थापना

ताईने पहाटे घट बसवले. स्वयंपाकघरात ओल्या मातीचा वास. ती म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रालाही देवीचं कुंकू लाव बाई. एवढा जीव टाकतेस त्याच्यावर."

म्हटलं, कुंकू विजेच्या तारांना चालत नाही.

"यमू, तुला कधीच काही चाललं नाही."

तिचं शिवणाचं मशीन दिवसभर खडखडत होतं. सणामुळे झंपरांचा ढीग. आम्ही दोघी बहिणी एकेका यंत्राच्या पायाशी बसलो आहोत. तिचं निदान तापत नाही.


६ ऑक्टोबर

मोठ्या साहेबांनी बोलावलं. चहा दिला, तेव्हाच समजले.

१४ तारखेला मुंबईहून मंडळी येणार. कारखान्यातल्या सगळ्या सुट्या भागांचा हिशेब त्यांच्यासमोर एका दिवसात काढून दाखवायचा. जमला तर यंत्र कायम घेणार. नाही तर दिवाळीआधी परत.

"आणि माझ्या मुली?"

"बाई, यंत्रच नसेल तर कार्डं कशाला पंच करायची? हिशेब पुन्हा जुन्या कारकुनांकडे."

साहेब माणूस वाईट नाही. पण मुलींना ठेवण्याची त्यांना हौसही नव्हती. मी भांडून घेतल्या होत्या. चार मुली. कुसुम तळेगावहून गाडीने येते. घरी तिचं लग्न उरकायची घाई आहे, नोकरी आहे म्हणून थांबलेत. बाकीच्या तिघींच्या घरीही थोडंफार हेच. मी गणित घेतलं तेव्हा कॉलेजात आमच्या वर्गात दोघी होतो. दुसरीने दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन सोडलं. हुशार होती. माझ्याहून.

मुलींना चाचणीचं सांगितलं, पुढचं नाही. कुसुमने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. दुपारभर जावयावर एकही विनोद नाही.


८ ऑक्टोबर

९२. आज टेबलफॅन बोगद्याच्या तोंडाशी लावून पाहिला. एका अंशाचा फरक.

खंडेनवमीवरून वाद. सबंध कारखान्यात यंत्रपूजा होते. लेथला हार, ड्रिलला कुंकू, फोरमन स्वतः नारळ फोडतो. आमच्या खोलीचं काय? मुलींना पूजा हवी. नाडकर्णी म्हणाले, "ॲब्सोल्यूटली नो." मग पाच मिनिटांनी, "एखादं फूल ठेवायला हरकत नाही." सासुरवाडी पुण्याची आहे, सणाला तिकडे जाणार, मन आधीच पोचलेलं.

मी ठरवलं. नारळ दाराबाहेर फुटेल. फुलं उंबऱ्यावर. आत कापूर नाही, उदबत्ती नाही, कुंकू नाही, पाणी नाही.

"मग आत काय नेऊ, बाई?" कुसुम.

"नमस्कार ने."

मुली हसल्या. मला हसवायचं नव्हतं, पण बरं झालं.


१० ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी

पूजा ठरल्याप्रमाणे. दाराबाहेर नारळ, आत सगळे अनवाणी. ८९ अंश, ब्लोअर व्यवस्थित. हिशेबाचं काम काही नाही. यंत्र पेटतं ठेवून नुसतं उभं. कार्डांची खडखड नसली की खोली किती शांत असते, आज जाणवलं. बारापासून कारखान्याला सुट्टी. ज्ञानोबा संध्याकाळपर्यंत आहेत, मग रात्रीचा माणूस. नाडकर्णी अकरालाच पुण्याला.

पायी घरी आले. ताईने पुरण घातलं आहे.


त्याच दिवशी. रात्री

क्रमाने लिहिते.

जेवायला बसले. देवापुढच्या पाटावर ताईने विळी, सुरी, उलथनं मांडलेलं, माझी कॉलेजातली कंपासपेटीसुद्धा. मधोमध शिवणाचं मशीन, त्याला झेंडूची माळ. पानात कोशिंबीर नव्हती. विचारलं.

"विळी बसलीय ना आज. सकाळी पूजेआधी चिरलं तेवढंच."

मशीनखाली एक झंपर अर्धं शिवलेलं तसंच होतं. म्हटलं, दोन टाके राहिलेत, ते तरी घालायचे.

"पूजा झाल्यावर हत्याराला हात लावतं का कोणी? आता उद्या सोनं लुटून आल्यावर."

घास हातातच राहिला. ज्ञानोबा. त्यांचं हत्यार ब्लोअर.

ताट सोडून उठले. ताई मागून काहीतरी बोलत होती. कोपऱ्यावरचा टांगेवाला टांग्याला केळीचे खुंट बांधून, घोड्याला कुंकू लावून बसलेला. "आज चाक बसलंय, बाई. देवीला आलात तर उद्या नेईन." पायीच निघाले. जवळजवळ धावत. वाटेत प्रत्येक दारात कुदळी, कोयते, सायकली, सगळं हार घालून निवांत. ऊन डोक्यावर. सबंध गाव हत्यारं खाली ठेवून जेवायला बसलं होतं.

कारखान्याच्या मागे वळले तेव्हाच कळलं. आवाज नव्हता.

शेडमध्ये ज्ञानोबा नवं धोतर नेसून पोत्यावर बसलेले. ब्लोअर घासूनपुसून लख्ख, त्यावर हळदकुंकवाचे पट्टे, अक्षता, तोंडाच्या जाळीवर झेंडूची भली मोठी माळ. मांजरपाटाचं कापडही धुऊन दोरीवर वाळत टाकलेलं. घरून आलेला नैवेद्य पुढ्यात. चेहऱ्यावर केवढं समाधान.

"या बाई. परसाद घ्या."

आत धावले. दाराची कडी हाताला चटका देणारी. भिंतीवरचा पारा ११२. तापलेल्या रोगणाचा वास, डोळ्यांत पाणी. मुख्य बटण खाली ओढलं. आत अकरा दिवस पेटलेले लाल ठिपके एकेक करून विझले. मग शेडमध्ये. माळ ओरबाडून काढली आणि ब्लोअर चालू केला.

ज्ञानोबा उठून उभे. "बाई, आज न्हाई. पूजा झाल्याली हाय."

"हात बाजूला घ्या."

कापड दोरीवर होतं. पंख्याच्या तोंडाशी काहीच नव्हतं. तुटलेल्या माळेच्या पाकळ्या, हळद, कुंकू, अक्षता, माझ्या डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं सगळं. बोगद्यातून थेट कपाटांत. ब्लोअरचं बटण पुन्हा बंद करेपर्यंत जायचं ते गेलं होतं.

मी विचारलं, यंत्र चालू तोवर ब्लोअर चालू, असं सांगितलं नव्हतं का?

"कुटं चालू व्हतं? म्या दाराला कान लावून बघितलं. कायबी वाजत न्हवतं. म्हनलं जावई बी निजला. मग माजं हत्यार बसवलं."

खोटं बोलत नव्हते. बोलले असते तर सोपं झालं असतं.

पहारेकऱ्याला पुण्याला नाडकर्णींकडे धाडलं आहे.


११ ऑक्टोबर, दसरा

नाडकर्णी सकाळी आले. रेशमी सदरा, टाय नाही, सासुरवाडीचा राग माझ्यावर. कपाटं उघडली.

आत वसंतपंचमी. प्रत्येक व्हॉल्व्हवर पिवळी धूळ, तारांच्या जुडग्यांत पाकळ्या, संपर्काच्या पट्ट्यांवर कुंकू. काही काचांना तडे. नाडकर्णींनी एका काचेवरची पाकळी बोटाने उचलली. मग:

"बाई, बटण बंद केलंत ते उत्तम. पण ब्लोअर लावायची घाई नको होती. तापलेल्या काचेवर एकदम वारा. आणि हे."

उष्णतेने जे मोडलं त्याहून जास्त माझ्या दोन मिनिटांनी मोडलं, हे त्यांनी सौजन्याने अर्धंच सांगितलं.

दहाच्या सुमारास कुसुम आली. सुट्टीच्या दिवशी, तळेगावहून, न बोलावता. पहारेकऱ्याच्या भावाकडून कळलं म्हणे. केसातला आकडा काढून सरळ केला आणि तारांमधल्या पाकळ्या उचकटायला बसली. तिच्या हाताला जे जमतं ते आमच्या चिमट्यांना जमेना. आम्ही तिघं, मऊ कुंचला, स्पिरिट, पांढरं फडकं. दुपारी कोणी जेवलं नाही.

ज्ञानोबा शेडच्या बाहेर उकिडवे बसून. आज त्यांची सुट्टी होती. तरी आले. आत बोलावलं नाही.

अंधार पडता पडता कुसुमने पिशवीतून आपट्याची पानं काढली. म्हटलं, आत नको. दोघी दाराबाहेर गेलो. तिने माझ्या हातात सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "चौदा तारखेला जावई रुसणार नाहीत, बाई. एवढं न्हाऊ-माखू घातलंय."

तिच्या नखांत पिवळा रंग बसला होता.


१२ ऑक्टोबर

होते नव्हते ते सगळे सुटे व्हॉल्व्ह लागले. आता एकही शिल्लक नाही. मुंबईच्या कंपनीकडेही नाहीत, परदेशाहून मागवले तर चाचणीनंतर येतील.

चारला यंत्र पेटवलं. हळूहळू, एकेक कपाट. सहाला नमुन्याचे हिशेब दिले. बरोबर. पुन्हा दिले. बरोबर. नाडकर्णींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच म्हणाले, "तिसऱ्या कपाटाची सगळ्यात खालची रांग."

ती रांग पुढून दिसत नाही. समोर रिव्हेट मारलेला पत्रा आहे. उघडायची तर कपाट भिंतीपासून हलवून मागून. त्याला दोन दिवस, आणि पुन्हा सगळं थंड करायचं. बोगद्याचं तोंड नेमकं त्याच कपाटाखाली उघडतं. आत किती पाकळ्या राहिल्यात, सांगता येत नाही. जाळीपाशी हात धरला तर इतर रांगांपेक्षा तिथली हवा ऊन लागते, आणि वाराही कमी.

उघडायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हटलं आणि नाडकर्णी गप्प राहिले.

मोठे साहेब येऊन गेले. ब्लोअर कोणी बंद केला?

"माझ्या विभागातली चूक आहे."

"माणसाचं नाव विचारतोय मी."

"चौदा तारखेपर्यंत माझ्या खोलीत नवा माणूस नको, साहेब."

"आणि चौदानंतर?"

"चौदानंतर विभाग असेल तर बोलू."

साहेबांनी चष्मा पुसला. या वयात मला उद्धटपणा शोभतो की नाही याचा विचार करत असावेत.


१३ ऑक्टोबर

८८. ढग आले होते, गेले.

ज्ञानोबा तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. कामात चूक नाही. पडदे वेळेवर, कापड वेळेवर. फक्त मान खाली. आज मीच शेडमध्ये गेले. त्यांनी तुटलेल्या माळेचा दोरा ब्लोअरच्या खुंटीला गुंडाळून ठेवला होता. त्यात झेंडूचे दोन देठ.

"राग आहे का माझ्यावर?"

त्यांनी खुंटीवरचा दोरा चाचपला. मग, "बसवल्यालं हत्यार उठवलं, बाई. माळ तोडली. म्हनून इस्कोट झाला. आमच्यात आसं कुनी करत न्हाई."

मी म्हटलं, ब्लोअर थांबला म्हणून झाला. ते म्हणाले, उठवला म्हणून. दोघंही खरं बोलत होतो. पाकळ्या तर मीच आत पाठवल्या.

मग त्यांना आत नेलं. चपला बाहेर काढायला ते विसरले नाहीत. यंत्र शांत होतं, काम चालू नव्हतं. म्हटलं, हात लावू नका, नुसता जाळीजवळ धरा. त्यांनी तळवा धरला आणि मागे घेतला.

"आरं तिच्या. निजलाय, पन अंग तापल्यालं हाय."

"रात्रंदिवस असंच असतं. आवाज फक्त कामाचा."

"तापात निजल्यावानी." थोडं थांबून, "हे आदी सांगायचं व्हतं, बाई."

खरं आहे. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

निघताना दाराशी घुटमळले. ब्लोअरची पूजा अर्धी राहिली, ती पुरी करू द्याल का? उद्यानंतर, म्हटलं. उद्यानंतर मी इथे सांगणारी असेन का, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही.

घरी ताईने अंगावर पांघरूण घालून दिवा मालवला. "जागी आहेस हे मला कळतं, यमू." आता मेणबत्तीवर लिहिते आहे. पुरे.


१४ ऑक्टोबर. सकाळी

सातला खोलीत. ८४. सगळ्या रांगा पाहिल्या. तिसरं कपाट, खालची रांग: ऊन, पण कालच्याइतकंच. मुली इस्त्रीचे पदर घेऊन आल्यात. नाडकर्णींचा टाय नवा. कार्डांचे गठ्ठे कोरडे, कडा सरळ, मी प्रत्येक गठ्ठा टेबलावर आपटून पाहिला.

मुंबईची मंडळी नऊला. चौघे आहेत म्हणतात.


जेवणाच्या सुट्टीत

अर्धा हिशेब झाला. एकही चूक नाही. मंडळींपैकी एकाने मध्येच वहीवर हाताने एक बेरीज करून ताडून पाहिली आणि वही मिटली. साहेब मला पाहून मान हलवून गेले. सगळे कँटीनमध्ये आहेत. जेवताना यंत्राचं कौतुक चाललं असेल.

पण साडेअकरापासून खोलीत वास आहे.

झेंडूचा. ताज्याचा नाही, देवघरात निर्माल्य समईजवळ राहिलं तर येतो तसला. पाहुण्यांना त्याचा अर्थ कळला नसावा. एकाने विचारलं, इथे काही पूजा झाली का? सणाचे दिवस आहेत, म्हटलं. नाडकर्णींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी हळूच विचारलं, "थांबवू या?" थांबवलं तर चाचणी आत्ताच संपली. चालू ठेवलं आणि ती रांग गेली तर पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. लावायला एकही व्हॉल्व्ह नाही.

९० अंश. दुपारचं काम सकाळच्या दुप्पट आहे, आणि ऊन आत्ता कुठे तापतं आहे.

ज्ञानोबांना आत बोलावलं. पाहुणे नाहीत तेवढ्यात. त्यांनी गुडघ्यावर बसून खालच्या जाळीशी हाताची पालथी बाजू धरली, पोराचा ताप पाहतात तशी. वेळ घेतला.

"सकाळच्यापरीस चढलंय."

"किती टिकेल?"

"ते म्या कसं सांगू, बाई? पडदं जास्ती भिजवू का? पिळल्याबिगर?"

कार्डं. पहिल्या तारखेचे ते चुरगळलेले गठ्ठे माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांच्याही आले असावेत, कारण ते उठून उभे राहिले आणि हुकुमाची वाट पाहू लागले. कुसुम दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. काही न विचारता ती वळली आणि तिघींना घेऊन टेबलाशी गेली.

मारा म्हटलं.

बादलीचा आवाज इथवर येतो आहे. वाऱ्याला वाळ्याचा वास आला, झेंडूचा त्याखाली दबला. गेला की नाही, सांगता येत नाही. चौघी मुलींनी दुपारच्या कार्डांचे गठ्ठे वाटून घेतलेत आणि पदराखाली छातीशी घट्ट धरून उभ्या आहेत, ओल लागू नये म्हणून. एकेक गठ्ठा लागेल तसा काढून देणार म्हणतात.

भोंगा झाला. जाते.